पेडण्याचा किनारा आणि तारल्याची वर्षे

केरीच्या वाळूवर उभे राहून उत्तरेकडे दृष्टी टाकली की तेरेखोल नदीच्या मुखापलीकडे, टेकडीच्या माथ्यावर, तेरेखोलचा किल्ला दिसतो. वाडीकर सावंतांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला; पुढे १७८८ मध्ये सबंध पेडणे महाल त्यांच्या राज्यास जोडला गेला, आणि १९६१ च्या डिसेंबरात ते राज्यही संपले. एवढा इतिहास येथील शाळकरी मुलासही सांगता येतो. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी जे पाणी सळसळत असते, त्या पाण्यात कोणत्या साली तारला लोटला आणि कोणत्या साली तो फिरकलाच नाही, असे विचारू लागलो तर ग्रंथ मुके होतात. वास्तविक किल्ल्याचा धनी कोण या प्रश्नापेक्षा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर किनाऱ्यावरील घरांची चूल अधिक अवलंबून होती.

या विषयाकडे आम्ही वळलो ते इतिहासाच्या ओढीने नव्हे, तर गरीच्या नादाने. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या सलग वाळूच्या पट्ट्यावर गुडघाभर पाण्यात उभे राहून लाटांच्या पलीकडे गरी फेकणाऱ्यांची एक जात आहे. तिला ना रापणकार आपला मानतात ना शहाणे लोक शहाणी मानतात. आम्ही त्याच जातीचे. चोणक, तांबोशी, कोकर हे मोठे मासे गरीला लागावेत ही आमची आस. पण मोठा मासा किनाऱ्याशी येतो तो आमच्यासाठी नव्हे, बारीक मासळीच्या पाठलागावर येतो. तेव्हा गरीवाल्याचे सारे पंचांग अखेर बारीक मासळीचे पंचांग असते. तारलो, पेडवे, बांगड्याची पिल्ले, शेवट्याची पिल्ले, मुडदोशी आणि सुंगटे ही मंडळी जेथे असतील तेथे मोठा मासा असावयाचाच, आणि ती नसतील तेथे उत्तम दोर व परदेशी दांडी असूनही माणूस कोरड्या हातांनी घरी जावयाचा. आम्ही किती वेळा गेलो आहोत हे येथे सांगत नाही.

हरमलच्या एका वृद्ध रापणकाराला आम्ही एकदा विचारले की तारल्याचे सर्वांत मोठे वर्ष कोणते. त्याने सालाचा आकडा सांगितला नाही. तो म्हणाला, "त्या वर्सा तारलो माडांच्या मुळांत घालो." बस्स, एवढेच. खाऊन उरला, खारवून उरला, विकून उरला, तेव्हा खत म्हणून माडांच्या आळ्यांत गेला, असे ते वर्ष. आणि वाईट वर्षाबद्दल विचारले तेव्हा उत्तर त्याहून आखूड आले: "तारलो येवंक ना." ही दोन वाक्ये म्हणजे या किनाऱ्याची बखर होय. मधला तपशील भरून काढणे हे इतिहासलेखकाचे काम.

प्रथम या माशाची ओळख करून दिली पाहिजे. वीतभरही लांब नसलेला, पोटाशी चांदीसारखा व पाठीवर निळसर हिरवा असा हा तारलो किंवा तारली. याच्या अंगात तेल इतके की तव्यावर टाकला असता बाहेरचे तेल फारसे लागत नाही. याच्या कल्ल्यांत चाळणीच्या जाळीसारखे बारीक दात दाटीने बसलेले असतात. पाणी गाळून त्यातील डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तो खातो. मलबारच्या किनाऱ्यावरील अभ्यासकांनी फ्रॅजिलेरिया ओशिआनिका नावाची एक सूक्ष्म वनस्पती तारल्याचे आवडते अन्न असल्याचे दाखवून दिले, आणि जेव्हा ती पाण्यात माजते तेव्हा तारलाही भरास येतो असे त्यांस आढळले. आयुष्य अवघे दोन-तीन वर्षांचे. जून ते ऑगस्ट या पावसाच्या महिन्यांत अंडी घालावयाची, आणि एका वर्षात पिल्लाने स्वतः अंडी घालण्याजोगे व्हावयाचे. ज्या प्राण्याचा संसार इतका घाईचा, त्याच्या संख्येत एका पावसाने जमीन-अस्मानाचा फरक पडावा यात नवल नाही. खडकातला गोब्रो वा नदीतला चोणक कित्येक वर्षे जगतो. त्याचा एखादा वाईट पावसाळा पुढच्या चांगल्या पावसाळ्यांत जिरून जातो. तारल्यापाशी तशी शिल्लक नसते.

आता पावसाचे काय ते पाहू. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला म्हणजे पश्चिम किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि खोलातले थंड, सकस पाणी वर येते. ही क्रिया केरळच्या दक्षिण टोकाशी मे-जूनच्या सुमारास सुरू होऊन हळूहळू उत्तरेकडे सरकते व पावसाळ्याच्या उत्तरार्धात गोव्यापर्यंत पोहोचते. खोल पाण्यातील खत सूर्यप्रकाशात आले की सूक्ष्म वनस्पतींचे पीक येते, आणि त्या पिकावर तारला व बांगडा पोसतात. मात्र या वर आलेल्या पाण्याची दुसरी बाजूही आहे. त्यात प्राणवायू फार कमी असतो. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी गोव्यासमोरील उथळ समुद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाचे पाणी प्राणवायूवाचून जवळजवळ मृत होते हे मोजून दाखविले असून त्यांचा यासंबंधीचा लेख २००० साली जगप्रसिद्ध झाला. अशा वेळी तळाला राहणे अशक्य झाल्याने मासा वरच्या पातळ थरात आणि किनाऱ्याच्या अंगाला दाटी करून राहतो. भाद्रपद-आश्विनात वाळूच्या इतक्या जवळ मासळी का येते, आणि रापणीसारखे किनाऱ्यावरून ओढावयाचे जाळे मुळात शक्य का झाले, याचे उत्तर आमच्या मते बरेचसे येथे आहे. ज्याला आमचे वाडवडील 'दर्याची देणगी' म्हणत, ती अर्धी भरलेल्या ताटाची व अर्धी कोंडलेल्या श्वासाची देणगी होती.

हे झाले निसर्गाचे. माणसांच्या लिखाणात या माशाचा माग काढावयाचा तर बराच फेरफटका मारावा लागतो. चौदाव्या शतकात गोव्यास, त्याच्या शब्दांत सिंदापुरास, येऊन गेलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील झफार येथे सार्डिन मासे इतके विपुल पाहिले की तेथील गुरांनाही तेच चारत. ओमानच्या किनाऱ्यावर मिळणारा हा तारला आणि आमचा तारला एकाच जातीचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेला डच गृहस्थ लिन्स्खोटेन येथील मासळीच्या विपुलतेची व भातावर माशाचे कालवण घालून खाण्याच्या रीतीची नोंद करतो. भात तोच, कालवण तेच. परंतु कोणत्या वर्षी कोणता मासा किती, हे सांगण्याचे त्यास कारण नव्हते. परक्याला विपुलता दिसते. तिच्यातला चढउतार दिसण्यास एका जागी जन्म काढावा लागतो.

तो जन्म काढणारे म्हणजे रापणकार. रापण या जाळ्याविषयी शहरात राहणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द लिहिणे जरूर आहे. हे एक अखंड जाळे नव्हे. अनेक घरांनी आपापले तुकडे आणून ते एकमेकांस शिवावयाचे, आणि त्याची हजारो हात लांब भिंत करावयाची. होडी किनाऱ्यावरून निघते, थव्याला वळसा घालून जाळे सोडीत परत किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर दोन रांगांतील माणसे तास-दोन तास ओढीत राहतात. दोर पूर्वी काथ्याचा असे व जाळे सुताचे. नायलॉन नंतर आले. मासळी वाळूवर आली की वाटणी होते: जाळ्याच्या तुकड्यांचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. ज्याचा तुकडा नाही, होडी नाही, त्याने नुसता दोराला हात लावला तरी त्याच्या घरी त्या दिवशी कालवण शिजे. गावातील म्हातारी माणसे व विधवा यांचा दिवस या दोरावर निघे. असे जाळे केवळ त्या समुद्रात चालते ज्यात मासा थव्याने आणि किनाऱ्याजवळ येतो. म्हणजे ते तारल्या-बांगड्याचे जाळे होय. पापलेट किंवा इसवण यांसाठी एवढा गाव कोणी दोराला लावला नसता.

रापणीचा जीव जाळ्यात नसे, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असे. उंचवट्यावर किंवा वाळूच्या दांडावर उभा राहून एक माणूस पाण्याचा रंग पाही. थवा असेल तेथे पाण्याला काळसर तांबूस झाक येते, बारीक पावसाचे थेंब पडल्यासारखी पृष्ठभागाला कंप सुटते, कुरव व सुरय वरून झेपा घेतात. अमावास्येच्या अंधारात थवा हलला की पाण्यात फिकट उजेड फुटतो, आणि त्या उजेडाच्या हालचालीवरून तो तारल्याचा की बांगड्याचा हे जाणकार सांगत. आम्ही स्वतः मोरजीच्या दांड्यावर, शापोरा नदीच्या मुखाशी, हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे बसलेले पाहून गरी कोठे फेकावी हे ठरवितो. ही आमची विद्या त्या जुन्या विद्येचा चिमूटभर अंश आहे, आणि तीही उसनी.

पेडण्याच्या किनाऱ्याची एक खोड ध्यानात घेतल्यावाचून येथील चांगल्या-वाईट वर्षांचा उलगडा होत नाही. तारल्याचे खरे माहेर म्हणजे केरळपासून कारवारच्या आसपासपर्यंतचा किनारा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत त्याची मोठी मासेमारी बहुतांशी त्याच पट्ट्यात होती. त्यानंतरच्या दशकांत समुद्र तापू लागला तसा तो उत्तरेकडे महाराष्ट्र व गुजरातपर्यंत पसरला, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे गोवा, आणि त्यातही गोव्याचे उत्तर टोक जे पेडणे, ते तारल्याच्या राज्याच्या सीमेवर होते. राज्य भरभराटीत असले की सीमेपर्यंत फौज येते. आटले की पहिल्याने सीमा ओस पडते. बांगडा उत्तरेस रत्नागिरीपर्यंत नेमाने मिळे. त्यामुळे पेडण्यात बांगडा हा घरचा आणि तारला हा पाहुणा, असे म्हणण्यास हरकत नाही. पाहुण्याची आठवण घरच्यापेक्षा अधिक राहते, हा मनुष्यस्वभाव आहे.

दक्षिणेत काय घडले ते येथे पाहिले पाहिजे, कारण तेथे ब्रिटिश अमदानीत कागद ठेवले गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन यांनी मत्स्यखात्याचा पाया घातला व तारल्याचे तेल आणि खत काढण्याचे प्रयोग चालविले. त्यांच्यानंतर जेम्स हॉर्नेल यांनी १९१० च्या सुमारास तारल्यावर पहिले पद्धतशीर लेखन केले. मलबार व दक्षिण कानडा जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर तेलाचे कारखाने शेकड्यांनी उभे राहिले, आणि मासा पिंपांत भरून परदेशी जाऊ लागला. पुढे १९४० नंतर काही वर्षे तारला असा काही नाहीसा झाला की कारखान्यांस कुलपे लागली. १९४३ साली मद्रास सरकारने लहान व अंड्यांवर आलेल्या माशांच्या पकडीवर निर्बंध घातले; ते पुढे मागे घेण्यात आले. तारला परत आला तो सरकारी हुकमाने की आपल्या मर्जीने, यावर पंडितांचे एकमत नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पुढे हा प्रश्न हाती घेतला, आणि तिच्या अभ्यासकांची कित्येक वर्षे त्यात गेली.

आमच्याकडे तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य. लिस्बनच्या लोकांस सार्डिन म्हणजे जीव की प्राण; जूनमधील सांत आंतोनीच्या सणात तेथे रस्त्यारस्त्यांवर तो भाजला जातो. आश्चर्य असे की त्यांच्या राज्यात येथील सार्डिन मात्र गरिबांचा मासा म्हणूनच राहिला. मानाच्या पानात इसवण, आणि तारला बागाईतदाराच्या माडाच्या मुळाशी. या उतरंडीचा एक फायदा झाला: तेलाच्या कारखान्यांची झुंबड येथे उडाली नाही. जे काही पडे ते गावातच मुरे. आगरवाड्याच्या मिठागरांतले मीठ आणि मोरजीचा मासा यांचे लग्न लागून जे खारे होई, ते पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताच्या बाजारांतून आतल्या गावांत जाई.

आतल्या गावांचा उल्लेख आला तेव्हा डिचोलीकडे वळणे प्राप्त आहे. डिचोलीला समुद्र नाही, आणि तरीही डिचोली समुद्राच्या चांगल्या-वाईट वर्षांतून सुटलेली नाही. म्हापशाकडून येणाऱ्या नुस्तेकान्नींच्या पाटीत काय आहे व ती पाटी किती लवकर रिकामी होते, यावरून डिचोलीच्या बाजारात दर्याची खबर कळे. शिवाय डिचोलीचे स्वतःचे पाणी आहे. मांडवीची भरती मये, नार्वे, पिळगाव, सारमानस, आमोणे या गावांच्या खाजनांपर्यंत चढते, आणि तिच्याबरोबर समुद्रात जन्मलेली शेवट्यांची पिल्ले व सुंगटे बांधांच्या मानशींतून आत शिरतात. मानस म्हणजे बांधातील लाकडी दार. भरतीला पाणी आत घ्यावयाचे, ओहोटीला सोडावयाचे, आणि सोडताना तोंडाशी जाळे लावावयाचे. या मासळीच्या हक्काची दरसाल पावणी होई, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी चाले. बारीक मासळी चांगली आली की पावणी चढे; पावणी चढली की बांध सुरक्षित; बांध सुरक्षित तर भाताचे शेत सुरक्षित. पेडण्यातील कोरगाव परिसरातही हीच रचना, आणि तेथील खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताला कोरगुट म्हणतात. बोटभर शेवट्याचे पिल्लू आणि मुठीतले भात यांचा असा संबंध आहे, हे गरी फेकणाऱ्या आमच्यासारख्यांच्या फार उशिरा ध्यानात येते.

डिचोलीच्या पाण्यावर मात्र दुसरेच संकट आले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर लोहखनिजाच्या खाणी वाढल्या, बार्जींची रांग मांडवीतून अहोरात्र चालू लागली, आणि डोंगराची लाल माती प्रत्येक पावसात नदीत उतरू लागली. खाणींचा गोव्याच्या खाड्यांतील तिसऱ्या-शिंपल्यांवर व तळाच्या जीवांवर झालेला विपरीत परिणाम समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ च्या ऑक्टोबरात खाणी थांबल्या, पुढे पुन्हा सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. तळाशी बसलेला गाळ न्यायालयाच्या आदेशाने उठत नाही. डिचोलीतील एका परिचिताने आम्हांस सांगितले की त्याच्या आजोबांच्या मानशीत ज्या आकाराचे सुंगट येत असे, ते त्याने केवळ आजोबांच्या हातवाऱ्यांत पाहिले आहे.

किनाऱ्याकडे परत येऊ. मुक्तीनंतरच्या दशकात गोव्यात यांत्रिक ट्रॉलर आले. त्यांस सरकारी साहाय्य मिळाले, कारण परदेशात सुंगटांना भाव होता. त्यामागून थव्याला मोठा वेढा घालून तळाशी आवळून घेणारी पर्सीन जाळी आली. रापणकार थवा किनाऱ्यास येण्याची वाट पाही. पर्सीनवाला थव्याकडे जाई. दोघांची गाठ पडल्यावर कोण हरणार हे सांगावयास नको. कारवारच्या खाली कर्नाटकात थोड्याच वर्षांत रापणी वाळूवर वाळत पडल्या. गोव्यात रापणकारांनी हे निमूटपणे सोसले नाही. सत्तरीच्या दशकात ते संघटित झाले, माथानी साल्ढाणा यांच्यासारखे पुढारी त्यांस लाभले, पणजीत मोर्चे निघाले, समुद्रात चकमकी झडल्या. अखेर गोवा, दमण व दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० साली झाला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखले गेले. देशातील मच्छीमारांच्या चळवळीस या लढ्याने बळ दिले, ही गोव्याच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. तथापि कायद्याची रेषा पाण्यावर काढलेली असते. ती ओलांडणारे रात्री ओलांडतात. आणि प्रखर दिव्यांनी मासा गोळा करण्याच्या नव्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातल्यानंतरही तिच्याविषयीच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

येथे एका वादाचा निकाल लावला पाहिजे, निदान आमच्यापुरता. तारला आला नाही की रापणकार यांत्रिक बोटींकडे बोट दाखवितो. यांत्रिक बोटवाला म्हणतो की तारला हा मुळातच लहरी. तुमच्या आज्याच्या काळी बोटी नव्हत्या, तेव्हाही तो येत नसे. इतिहास कोणाच्या बाजूने आहे? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील एका खोल खळग्यात, जेथे तळाला प्राणवायू नसल्याने काहीच कुजत नाही, वर्षावर्षांच्या गाळाच्या थरांत माशांची खवले जशीच्या तशी राहिली आहेत. १९६९ साली सूटर व आयझॅक्स या अभ्यासकांनी ती मोजली. कोणीही मोठी मासेमारी करीत नव्हते अशा शतकांतही सार्डिन भरभराटीस येऊन ओसरला आणि पुन्हा भरला, असे त्यांस आढळले. तेव्हा बोटवाल्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्याच कॅलिफोर्नियात १९४० च्या दशकाच्या अखेरीस सार्डिन कोसळला, आणि पेरूच्या समुद्रातील अँकोव्ही १९७२ मध्ये कोसळली, तेव्हा समुद्राच्या पडत्या काळातही जाळी भरतीच्या काळाइतकीच चालू राहिली होती. जो मासा आपल्या पायांनी उतरणीला लागला आहे त्याला ढकलण्यास फार जोर लागत नाही. मासा लहरी आहे, म्हणून वाटेल तितका पकडावा, हा युक्तिवाद आम्हांस उलटा वाटतो. लहरी आहे म्हणूनच वाईट वर्षी हात आखडावयाचा असतो. रापण हात आखडीत असे, पुण्यशीलतेने नव्हे, तर थवा किनाऱ्यास आला नाही तर तिला तो गाठताच येत नसे म्हणून. तिच्या दुबळेपणातच माशाचे संरक्षण होते.

याचा एक पुरावा पंचांगात आहे. पूर्वी आषाढ लागण्याच्या आधीच होड्या वर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून त्या पाण्यात लोटीत नसत. आता यांत्रिक मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत एकसष्ट दिवसांची आहे. दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात, पण तारीख पहा. नारळी पौर्णिमा कधी ऑगस्टच्या आरंभी येते, तर कधी अखेरीस. २०२० साली ती ३ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्यामुळे ३० ऑगस्टला. म्हणजे जुन्या रीतीने त्या वर्षी समुद्राला आणखी जवळजवळ एक महिना विश्रांती मिळाली असती. तारल्याची अंडी घालण्याची वेळ ऑगस्टपर्यंत चालते आणि बोटभर पिल्ले त्याच सुमारास किनाऱ्याजवळ येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तो महिना किती मोलाचा हे कळते. आमच्या पूर्वजांना माशाच्या अंडाशयाचे शास्त्र ठाऊक होते असा दावा आम्ही करणार नाही. असले दावे करण्याची हल्ली फार हौस आहे. खवळलेल्या समुद्रात होडी जात नसे, एवढेच खरे कारण असावे. पण कारण काहीही असो, पिल्लांना सवड मिळे.

गेल्या काही वर्षांत या माशाने जो खेळ दाखविला तो कोणत्याही जुन्या बखरीहून थोर आहे. केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारला किनाऱ्यास लागला. २०१५ पर्यंत तो झपाट्याने आटला. त्या वर्षी प्रशांत महासागरातील एल् निनो प्रबळ होता व समुद्र तापलेला होता. २०२१ मध्ये केरळातील पकड अवघी ३,२९७ टन झाली. आणि मग, कोणी अपेक्षिले नसताना, २०२३ मध्ये ती पुन्हा लाखावर गेली. माहेरी असा महापूर आणि असा दुष्काळ, तर सीमेवरच्या पेडण्यात काय झाले असेल? आकडे पाहण्याच्या हेतूने आम्ही एका कचेरीत गेलो. हरमल-केरीच्या वाळूवर रापणीने ओढलेल्या मासळीची जुनी वेगळी नोंद आम्हांस हवी होती. तेथील गृहस्थाने सभ्यपणे सांगितले की जेट्टीवर उतरते ती मासळी लिहिली जाते. वाळूवर उतरते ती कोण लिहिणार? प्रश्न बिनतोड होता. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

वाळूवर उतरलेल्या मासळीची नोंद वास्तविक होती, पण ती कचेरीत नव्हती. रापणीच्या वाटणीची वही असे. कोणत्या दिवशी ओढ झाली, किती मासळी निघाली, किती वाटे पडले, हे तीत लिहिलेले असे, कधी मोडीत, कधी बाळबोधीत, कधी नुसत्या खुणांनी. मांद्र्याच्या बाजूला एका घरी अशी वही असल्याचे आम्हांस कळले. आम्ही गेलो तेव्हा घरधनिणीने माळ्यावरून एक गाठोडे काढून आणले. वाळवीने पाने एकमेकांस चिकटवून टाकली होती. मधली काही पाने उलगडली. त्यांवर वाट्यांच्या उभ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, परंतु साल लिहिलेले वरचे कोपरे तेवढे नाहीसे झाले होते. एका पानावर रेघा पानभर होत्या आणि पुढच्या तीन पानांवर, दिवसामागून दिवस, एकही नव्हती. ते कोणते वर्ष, हे आता समुद्रालाच ठाऊक.

मागच्या आश्विनात आम्ही आश्व्याच्या वाळूवर पहाटे उभे होतो. भांगाची भरती होती, पाणी संथ होते, आणि गरीला काही लागत नव्हते. एवढ्यात दक्षिणेकडून सुरयांचा एक थवा पाण्याशी खालून येऊ लागला, आणि पहिल्या लाटेच्या मागे पाण्याला ती काळसर झाक आली. दोनच क्षण. किनाऱ्यावर उपाहारगृहाच्या खुर्च्या मांडणाऱ्या एका तरुणाने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि पाण्याकडे पाहत तो म्हणाला, "तारलो." त्याचा आजा रापणीचा पाहणारा होता, हे आम्हांस मागाहून कळले. त्याला स्वतःला जाळे कधी ओढावे लागले नाही. त्याने पुन्हा खुर्ची उचलली, आणि आम्ही गरी गुंडाळून तारल्याचा काप आमिषाला लावावयाचा की सुंगट, याचा विचार करू लागलो.

केरीपासून मोरजीपर्यंतच्या, तसेच तेरेखोल नदीपलीकडील रेडी-शिरोड्याच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी रापणीच्या वाटणीची वही, अथवा डिचोलीकडील कोणापाशी मानशीच्या पावणीचे जुने कागद असतील, तर त्यांनी ते कोरड्या जागी ठेवावेत व आम्हांस कळवावे. वही मोडीत असली तरी चालेल. वाचून देण्याची व्यवस्था आम्ही करू, आणि मूळ वही ज्याची त्यास परत करू.